रेडिओचा कान

लालबागला आमच्या चाळीत रेडिओ घ्यायचा म्हणजे रेडिओ घरात यायच्या आधी सगळी चाळ घरात येते. येते ती येते, वर बसायला पाट मागते, चहा ढोसते आणि अक्कल पाजळते. त्या दिवसांची आठवण झाली तरी मला अजून शिसारी येते.

कारण तसं आनंदाचंच होतं. आमच्या सुभीला, म्हणजे सुभद्रेला, रेडिओवर गायला बोलावलं होतं. गिरणी कामगारांसाठी संध्याकाळचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या होत्या. ओव्या माझ्या आईच्या, मालवणकडच्या. मी दळताना म्हणायचे, त्या ऐकून ऐकून पोरीच्या गळ्यात उतरल्या. कुणाच्या तरी हळदीकुंकवाला तिने त्या म्हटल्या, तिथे कुणी रेडिओवाल्यांच्या ओळखीची बाई बसली होती, आणि एक दिवस बोलावणं आलं.

आमच्या ह्यांना ते सांगितलं तेव्हा ते सदरा काढत होते. तो तसाच अर्धा अंगात ठेवून म्हणाले, "माका रेडिओ होयो. माझ्या चेडवाक माका आयकूचा आसा."

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने स्वतःसाठी धड नवी चप्पल मागितली नव्हती. म्हटलं, आता जगबुडी झाली तरी रेडिओ आणायचाच. मुलगी गाणार आणि बापाने ते ऐकायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाकी काही नको होतं मला.

आमचे हे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणकर. दत्ताराम म्हणून अख्ख्या खात्यात ओळखतात. तिथे सगळे साचे एकदम धडधडायला लागले की शेजाऱ्याच्या कानात बोंब मारली तरी त्याला कळत नाही. म्हणून साचेखात्यातली माणसं ओठांवर बोलतात. आवाज काढायचा नाही, नुसती तोंडं हलवायची, आणि समोरच्याने ती बघून समजायचं. बायकोचं बाळंतपण, गावची भांडणं, जॉबरला, म्हणजे मुकादमाला, शिव्या, सगळं ओठांवर. तेच वळण मग घरीही येतं. आधी हात लावायचा, समोर यायचं आणि मग बोलायचं. सुभी रांगत होती तेव्हापासून बापाच्या हनुवटीला हात लावून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची. चाळीत सगळी विणकरांची घरं अशीच, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. थोडं कमी ऐकू येतं ह्यांना, हे आम्ही धरूनच चालायचो. थोडं.

तर रेडिओची बातमी फुटली आणि पहिला आला कुशाबा. हा माझगावच्या गोदीत खोकी उचलतो. बोटीतून रेडिओ उतरतात ते ह्याच्या पाठीवरून जातात, म्हणून हा रेडिओतला जाणकार!

"वैनी, हिरव्या डोळ्याचाच घ्या," पाटावर मांडी ठोकून तो म्हणाला. "स्टेशन बराबर लागलं की डोळा मिटतो. लई भारी आवाज."

"ऐकलायस कधी?" मी विचारलं.

"ऐकायला कशाला पायजे? वजनावरून कळतं न्हवं!"

घ्या! वजनावरून. जसा काही सुरण घ्यायला निघालो होतो आम्ही.

मग गंगुबाई आली. ती शेजारच्याच खोलीत राहते, जीभ तिखट पण मनाने वाईट नाही. तिच्या बहिणीकडे गिरगावात मोठ्या पेटीचा सेट होता आणि त्यावर क्रोशाचं झाकण फार शोभून दिसायचं. आवाजाचं विचारलं तर म्हणाली, "आवाज काय, येतोच की." वरच्या मजल्यावरचा एक जण म्हणाला बॅटरीचा घ्या, दुसरा म्हणाला बॅटरीचा घ्याल तर पस्तावाल. हे दोघे मग आमच्याच उंबऱ्यावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि माझं पिठलं चुलीवर करपलं.

ह्या सगळ्यांत शहाणा जगदीश. फोर्टातल्या कचेरीत कारकून, इस्त्रीचा सदरा, बोलणं पुणेरी. तो एक साप्ताहिक घेऊन आला. त्यात कोणी एक 'कर्णभूषण' नावाने दर आठवड्याला रेडिओच्या सेटांवर अभिप्राय लिहायचा. जगदीशने मोठ्याने वाचून दाखवलं. अमक्या सेटचा आवाज मधाळ आहे. तमक्याचा पौर्णिमेच्या चांदण्यासारखा आहे. आणि त्या तिसऱ्याचा तर रेशमी.

"आम्ही कापड विणणारी माणसं," मी म्हटलं. "रेशीम कानाला लावून काय करू?"

"काकू, ही भाषा जाणकारांची असते," जगदीश म्हणाला. त्याने चष्मा वर सरकवला आणि मला अडाणी ठरवून टाकलं.

गिरगावातल्या एका दुकानातून मधाळ सेट पसंतीवर आणला. पसंतीवर म्हणजे घरी वाजवून बघायचा, नाही आवडला तर परत. लावला. माझ्या कानाला बरा वाटला. हे समोर मांडी घालून बसले. त्या पेटीला पुढून जाड कापड लावलेलं असतं ना, त्या कापडाकडे टक लावून बघत राहिले. मान इकडे केली, तिकडे केली.

"आवाज साफ नाय," ते म्हणाले.

परत केला. मग चांदण्यासारखा आणला. त्याचा कान पिळून पिळून मी आवाज एवढा वाढवला की खालचा भय्या वर बघायला लागला. हे पुन्हा त्या कापडाकडे बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "ह्योव पण साफ नाय."

आणि मग चाळीची जीभ सुटली. जे काल सल्ले देत होते तेच आज नाक मुरडू लागले. दत्तारामाचे कान म्हणजे राजाचे कान! दत्तारामाला कुठलाच सेट पसंत पडत नाही! कुशाबा जिन्यात सगळ्यांना सांगत सुटला, "मी पयल्यापासून हिरवा डोळा म्हणत व्हतो." म्हणत होतास मेल्या, आणि दुसऱ्या सेटला हिरवाच डोळा होता, तो तूच उचलून वर आणलास! पण असल्या माणसांना आपलं तोंड आपल्यालाच ऐकू येत नाही. पाणी भरायला गेले की बायका विचारायच्या, "काय गो जाईबाई, परीक्षकांनी पास केला का?" आणि फिदीफिदी हसायच्या. मला अशी चीड यायची की हंडा त्यांच्या डोक्यावर रिकामा करावा.

सुभीचा दिवस जवळ येत चालला होता. ती येता-जाता बापाला विचारायची, "बाबा, मिळाला का तुमच्या पसंतीचा?" हे मान हलवायचे आणि बिडी शोधायला लागायचे.

शेवटी जगदीश म्हणाला, "काकू, थेट कर्णभूषणांनाच विचारू. दादरला राहतात. माझी ओळख आहे." ओळख कसली, एकदा ह्याचं पत्र त्यांनी छापलं होतं. पण गेलो. ह्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, मी लुगडं बदललं.

दादरच्या त्या घरात चार-पाच सेट मांडून ठेवलेले. दुकानवाले आणून ठेवतात म्हणे, अभिप्रायासाठी. म्हणजे परतही नेत नसावेत, कारण एकावर धुतलेले लंगोट वाळत होते. कर्णभूषण आले. आरामखुर्चीत बसले, आम्हाला बसा म्हणाले नाहीत. खिडकीकडे तोंड केलं आणि हातातल्या काडीने कान कोरायला लागले. शपथेवर सांगते. कसं ऐकावं हे सगळ्या महाराष्ट्राला शिकवणारा तो माणूस बोलता बोलता कान कोरत होता, आणि काडीच्या टोकाला काय आलं ते उजेडाला धरून बघत होता.

"घरात वीज आहे ना?" त्यांनी खिडकीला विचारलं.

हे म्हणाले, "होय, विणकर. साचेखात्यात."

कर्णभूषण काडी थांबवून हसले. "खोली केवढी आहे?"

"एकच चेडू," हे म्हणाले. "तीच गाता."

जगदीश लाजेने लाल झाला. कर्णभूषण आमच्याकडे न वळताच त्याला म्हणाले, "ह्यांना कसलाही दिलात तरी चालेल हो. पण विचारलंतच तर रेशमी घ्या. तो उत्तम आहे."

"आपण लिहिलंच आहे तसं," जगदीश म्हणाला. "पण तो इथे दिसत नाही?"

"तो अजून यायचाय. कंपनीचं पत्रक वाचलं मी. पत्रकावरून अंदाज येतो." आणि पुन्हा काडी कानात.

अरे, तुझ्या तोंडात माती पडो! ऐकलेलाच नाही, आणि म्हणे रेशमी! वजनावरून सांगणारा कुशाबा तरी बरा, त्याने निदान खोकं उचललं होतं. आणि त्याहून मला काय लागलं सांगू? चाळीपासून दादरपर्यंत एकूण एक माणसाने रेडिओ कसा ते सांगितलं. ऐकणारा कसा, ते एकाने विचारलं नाही. आमच्याकडे पाठ करून बसलेला तो माणूस माझ्या घोवाला येडा समजून हसत होता, आणि मला त्याच्या त्या पाठीवर थुंकावंसं वाटत होतं.

पाठ! त्याचं तोंड ह्यांना दिसलंच नव्हतं, हे जिना उतरताना माझ्या डोक्यात आलं.

जगदीश तोंड चुकवून पुढे सटकला. ट्रामच्या थांब्यावर हे माझ्या पुढे उभे होते, रस्त्याकडे बघत. मी मागून म्हटलं, "अहो." काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं, "सुभीचे बाबा." काही नाही. ट्राम नव्हती, गर्दी नव्हती, समोरचा केळेवाला वळून माझ्याकडे बघायला लागला. मी सगळा जीव घशात आणून ओरडले, "अहो, घराक आग लागली!" हे बिडीची राख झटकत उभे राहिले.

थोडं कमी नाही. काहीच नाही.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे आली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला हे नेहमी अगदी व्यासपीठाच्या खाली जाऊन बसायचे, आणि लोक म्हणायचे दत्ताराम केवढा कट्टर. ते वक्त्याचं तोंड बघायला बसत होते. "झालाच पाहिजे" ही आरोळी सगळ्यांची उठून विरली की मागून ह्यांची एकट्याची उठायची, आणि पोरं हसायची. सुभी घरात गुणगुणायची तेव्हा हे स्वस्थ पेपर बघत बसायचे, आणि मला वाटायचं ह्यांना गाण्याची आवड नाही.

हे वळले. माझं तोंड बघून म्हणाले, "रडतंस कित्याक?"

"डोळ्यात कायतरी गेला," मी म्हटलं. समोर येऊन, नीट तोंड हलवून.

त्यांनी बिडी टाकली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षं ओठ वाचणाऱ्या माणसाला चेहरा वाचायला काय लागतं? मग इतकंच म्हणाले, "चेडवाक सांगा नको. तिका वायट वाटात. गाताना गळो दाटात."

दुसऱ्या दिवशी मी एकटी गिरगावात त्या दुकानात गेले आणि समोर पहिला दिसला त्या सेटवर बोट ठेवलं. दुकानदार म्हणाला, "बाई, ह्याच्याबद्दल अभिप्राय काही चांगले नाहीत..."

"वाजतो ना?" मी म्हटलं. "मग बांधा. आणि अभिप्राय तुमच्याकडेच ठेवा."

रेडिओला ओठ नसतात. मला आहेत. ओव्या माझ्या आईच्या होत्या आणि मला त्या तोंडपाठ होत्या. बापाने मुलीचं गाणं ऐकायचं म्हणजे ऐकायचं, ते मी ऐकवणार होते.

सुभीच्या गाण्याच्या संध्याकाळी आमची खोली फुटायची बाकी राहिली होती. चुलीपासून गॅलरीपर्यंत माणसं. हे पेटीसमोर बसले, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. मी पेटी आणि त्यांच्या मध्ये, पेटीकडे पाठ करून बसले, गुडघ्याला गुडघा लावून.

"अगं बाजूला हो, रेडिओसमोर काय बसलीस?" कोणीतरी ओरडलं.

"माझा रेडिओ आहे. मी वर चढून बसेन," मी म्हटलं.

निवेदकाने सुभीचं नाव घेतलं. मी ते ओठांवर ह्यांना दिलं, लालबागसकट. मग सुभीचा आवाज आला. मागून तो येत होता आणि पुढे मी तो माझ्या तोंडाने सांगत होते, तिने ओढलं तिथे ओढून, तिने श्वास घेतला तिथे थांबून. आवाज अजिबात न काढता. पहिल्या ओवीला ह्यांचे ओठ थरथरले. दुसऱ्या ओवीला त्यांनी हात उचलून मांडीवर हळूच ठेका धरला. तो ठेका बरोबर होता हो! रेडिओतल्या जात्याच्या घरघरीशी अगदी बरोबर. मागून कुणीतरी म्हणालं, "काय आवाज आहे पोरीचा," आणि माझ्या अंगावर काटा आला.

आणि तेव्हा कुशाबा उठला.

"सेट जरा बसका वाजतोय," तो म्हणाला. "थांबा, मी बराबर करतो."

मी वळू शकत नव्हते. वळले असते तर ह्यांचं गाणं तुटलं असतं. त्या शहाण्याचा हात माझ्या खांद्यावरून पुढे गेला आणि त्याने रेडिओचा कान पिळला. सुभी गेली. खरखर, शिट्टी, मग कुठल्या तरी भलत्या भाषेत एक माणूस काहीतरी सांगायला लागला.

एकच गिल्ला झाला. डावीकडे फिरव, नाही उजवीकडे, काटा मागे घे, एरियल हलवा, मी सांगतो, तुला काय कळतं, माझ्या मेव्हण्याकडे असाच आहे! माझ्या डोक्यावर माणसं भांडत होती, त्यांच्या तोंडाचे शिंतोडे माझ्या मानेवर उडत होते. सगळ्यांना चुलीतलं लाकूड घेऊन बडवावं असं वाटलं. पण माझे ओठ मी थांबवले नाहीत. शेवटची ओवी राहिली होती, ती माझ्या आईने जशी सांगितली तशी मी ह्यांना सांगितली:

सरलं दळण, सूप माझं भरलेलं,
बंधूचं तारू बाई, बंदराला लागलेलं.

ह्यांनी डोळे पुसले. एवढ्या गर्दीत पूर्ण गाणं ऐकलं ते ह्यांनी एकट्यांनी.

गंगुबाई माझ्या अगदी बाजूला बसली होती. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. तिला कळलं. तिने पदर तोंडाला लावला आणि बायकांना घेऊन मुकाट्याने बाहेर गेली. कुशाबाला स्टेशन सापडलं तेव्हा तिथे सनई लागली होती.

"सेटच खराब घेतलात वैनी," तो म्हणाला. "इचारून घ्यायचा व्हता."

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" मी उठून उभी राहिले. "माझ्या मुलीचं गाणं खाल्लंस आणि वर तोंड करून सेटला नावं ठेवतोस? चालता हो. सगळे चालते व्हा."

गेले. म्हणजे घराबाहेर गेले, गॅलरीत तसेच उभे राहिले, कारण सुभी यायची होती.

ती आली तीच धावत. रेडिओवाल्यांनी पाठवलेल्या गाडीतून उतरून जिना कसा चढली कोण जाणे, धापा टाकत होती. सरळ बापासमोर बसली, हनुवटीला हात लावला.

"बाबा, शेवटची ओवी ऐकलीत? मी ती बदलली. आयेला पण सांगितलं नव्हतं. तुमच्यासाठी बदलली."

हे माझ्याकडे बघायला लागले. बदललेली ओवी मला ठाऊक नव्हती, मी जुनीच सांगितली होती. आणि गॅलरीत उभ्या असलेल्या त्या सगळ्या कान असलेल्या माणसांमध्ये ती ऐकलेला एक नव्हता. मुंबईभर घरोघरी ती ऐकली असेल. ज्या बापासाठी म्हटली त्याच्या घरात नाही.

मी ओठांवर म्हटलं, "काय सांगूचा ता तुमी सांगा."

ह्यांनी पोरीचा हात हनुवटीवरून काढून आपल्या दोन्ही हातांत धरला.

"ती ऱ्हवली गो," ते म्हणाले. "कुशाबान रेडिओचो कान पिळलो. आनी माझो कान साच्यान कधीच पिळलेलो आसा, बाय. माका रेडिओ आयकूक येना नाय. तुझ्या आयेन सांगल्यान ता मी आयकलंय. तू परत म्हण. अशीच फुडे बसान म्हण."

सुभीने एकदा माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. लहानपणापासून ती ज्याच्याशी ओठांवर बोलत आली होती त्याच्याबद्दल तिला ह्यात काही नवीन कळलं नसावं. तिने फक्त बापाच्या आणखी जवळ सरकून तोंड मोठं केलं आणि गळाही सोडला:

सरलं दळण, सूप माझं भरलेलं,
बापाच्या साच्यावर, लुगडं माझं विणलेलं.

ह्यांनी तिच्या ओठांना बोटं लावली. ती पुन्हा म्हणाली, ते पुन्हा बघत राहिले.

गॅलरीतून कुशाबाचं डोकं आत आलं. "हां! आता कसा आवाज साफ लागला," तो मागच्या लोकांना म्हणाला. "दोष सेटचाच व्हता."

आमच्या चाळीत माणूस घरात जागं असताना कुणी दार लावत नाही. लावलं तर मयत झालं की काय म्हणून लोक विचारायला येतात.

मी दार लावलं, आणि आतून कडी घातली.